शिळेच्या फाट्याला हात लावून

कोलशेत,
पौष वद्य एकादशी, शके १८०८

सौ. सगुणा हिला भिवाजीचा आशीर्वाद.

इकडे सारं बरं आहे, कल्याणला तुम्ही सगळे बरे असाल. पत्र दामाजी वाचून दाखवील. मेव्हण्या, नीट वाच, अधलंमधलं गाळू नकोस, आणि नवरा-बायकोच्या बोलण्यात उगाच घसा खाकरू नकोस.

तुझी तांबडी कोंबडी खुडूक बसली आहे. होडीला तेल दिलं. भाकरी शेजारची मनुबाई देते आणि भाकरीबरोबर दोन शिव्याही देते, म्हणते, बायकोला आणायला जाशील की असाच फुकट गिळशील? मी गप्प गिळतो.

नवीन बातमी अशी की मी धावतो आहे. हस, हस. राणीच्या जुबिलीला ठाण्यात माणसांची शर्यत ठेवली आहे. ठाण्याच्या बाजारातून निघायचं, कळवा, मुंब्रा करत शिळेच्या फाट्याला हात लावून परत यायचं. जिंकेल त्याला चांदीचं कडं. होडीवरून उतरला की चार पावलं चालायचा कंटाळा करणारा तुझा नवरा महिनाभर रोज पहाटे मिठागराच्या बांधावरून पळतो आहे. पहिले दोन दिवस पोटऱ्या अशा धरल्या की मी घराच्या पायऱ्या बसून उतरलो. आता माजिवड्यापर्यंत दमसुद्धा लागत नाही. सगळं गाव माझ्यावर खूश आहे. गावाला वाटतं भिवा कड्यासाठी पळतो.

कडं घेऊन काय करायचंय मला? कुणाच्या हातात घालू?

तीन दिवस हे पत्र लिहितोय नि फाडतोय. आता लिहितोच. तू जाताना अंगणात म्हणालीस, "मी थांबा म्हटलं म्हणून ती गेली. मीच मारली तिला." आणि मी नुसता उभा राहिलो. तुला वाटलं, यालाही तसंच वाटतं. सगुणे, मला काय वाटत होतं ते माझं मलाच कळत नव्हतं, देवाशपथ.

त्या अष्टमीला पोरीच्या घशात घरघर लागली, तेव्हा ओहोटी निम्मी झालेली. धक्क्याखालचा काळा धोंडा तेवढ्यातच उघडा पडलेला, मी होडीच बघत होतो म्हणून लक्षात राहिलं. डाक्टर देवी टोचायला शिळेला तंबू टाकून बसलेले. सकाळची आगगाडी निघून गेलेली. तू म्हणालीस, "पाणी वळेपर्यंत थांबा, होडीने दिव्याला नेऊ तिला, तिथून शीळ जवळ पडेल." मी हो म्हटलं. कोळ्याला अडल्यावर होडी नाहीतर दुसरं काय सुचणार गं? मग तिचे ओठ निळे पडायला लागले आणि मी तसाच अनवाणी पळत सुटलो. डाक्टरांचा टांगा घेऊन आलो तेव्हा तू तिला मांडीवर घेऊन बसलेलीस. मनुबाई म्हणाली, भरती लागली, धक्क्याच्या होड्यांनी तोंड फिरवलं, तेव्हाच गेली.

तेव्हापासून डोक्यात एकच. थांबलो नसतो तर? घरघर ऐकली तसाच निघालो असतो तर होड्या वळायच्या आत परत आलो असतो का?

म्हणून धावायला लागलो. शर्यत लोकांना सांगायला बरी पडली.

परवाच्या अष्टमीला, तिथी तीच, पाणी तेच, मी धक्क्यावर उभा राहिलो. काळा धोंडा उघडा पडला आणि निघालो. मनुबाईला होड्यांवर नजर ठेवायला बसवलं. माजिवडा, ठाणं, कळव्याचा पूल, काही वाटलं नाही. मुंब्र्याच्या पुढे खडीने तळवे सोलले. शिळेला डाक्टरांचा तंबू होता त्या चिंचेला हात लावला. समोर कल्याणची वाट. तू तिकडेच आहेस. पाय तिकडेच ओढत होते, कसा मागे फिरलो माझं मला माहीत.

परत येताना मुंब्र्यापाशी बरगडीत अशी कळ आली की रस्त्याच्या कडेला ओकलो. तिथे मनात एक आलं, ते तुझ्यापासून लपवत नाही. वाटलं, भिवा, आता चाल. चालत घरी जा. होड्या केव्हाच वळलेल्या असतील, मग बायकोला सांग, थांबलो नसतो तरी उपयोग नव्हता. सुटेल बिचारी. कोण विचारणार आहे?

मग माझाच मला राग आला. तू माझ्या तोंडाकडे बघून ओळखलं असतंस. आणि नसतं ओळखलंस तरी मी रोज रात्री तुझ्या शेजारी ते खोटं घेऊन झोपलो असतो. उठलो आणि पळालो. माझ्या पोरीसाठी त्या दिवशी जेवढा पळालो त्याहून जास्त पळालो. कळव्याला डोळ्यांपुढे काळं आलं. एक गाडीवाला ओरडला, "अरे मरशील!" मी थांबलो नाही. आणि सगुणे, पळता पळता मी देवाला म्हणत होतो की मला उशीर होऊ दे.

धक्क्यावर आलो तर होड्यांची तोंडं दुसरीकडे. मनुबाई म्हणाली, "कधीच्या वळल्या रे, माझं जेवणसुद्धा झालं." तिच्यावर विश्वास नको ठेवूस, ती तुझ्यासाठी खोटंही बोलेल. पण पाणी किती चढलेलं ते मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. महिनाभर कमावलेल्या पायांनी, जीव तोडून धावूनही, उशीरच झाला. त्या खडीच्या वाटेने टांगाही काही माझ्याहून फार जोरात आला नसता. तू थांबा म्हटलंस म्हणून नाही गेली ती. आपल्याकडून ती वाचण्यासारखी नव्हतीच.

हे कळल्यावर बरं वाटेल असं वाटलेलं मला. नाही वाटलं. चिखलात बसून लहान पोरासारखा रडलो.

शर्यत माघातल्या वद्य अष्टमीला आहे. मी धावणार. पण फाट्याला हात लावून सगळे ठाण्याकडे फिरतील, तेव्हा मी फिरणार नाही. तसाच पुढे कल्याणला येईन. लोक म्हणतील, कोलशेतचा भिवा वाट चुकला. म्हणू देत. तू माझ्याबरोबर परत चल असं मी म्हणत नाही. नाही बोललीस तरी चालेल. ओटीवर शेजारी बसू दे फक्त. ती गेल्यापासून तू तिकडे रडतेस नि मी इकडे, एकदाही आपण मिळून रडलो नाही.

दामाजी, आता पत्र तिच्या हातात दे आणि तू जरा बाहेर जा.

तुझा नवरा,
शालूचा बाप,
भिवाजी