निळी मान हलवते

रवि., ११ जाने. अकोला

एरवी डायरी इंग्लिशमध्ये लिहिते. पण बाबांचं बोलणं इंग्लिशमध्ये बसतच नाही, म्हणून ही वेगळी वही.

आज अमरावतीच्या घरून परत येताना मूर्तिजापूरच्या अलीकडे पुढे बाबा चालवतात ती बस दिसली. मागून नंबर ओळखला. मनात म्हटलं, आज दाखवूच. निळीले, म्हणजे माझ्या बाइकले, खेचलं, बसच्या बाजूनं निघाली, हॉर्न मारला, वर एका हातानं टाटा केला. आणि हँडल हललं. साधी थरथर नाही. डावं-उजवं, डावं-उजवं, फटाफट, कोणी "नाही नाही" म्हणत मान हलवावी तसं. दोन सेकंद असतील. रेस सोडली, हळूहळू थांबलं.

मागून बसचा हॉर्न. लांबच लांब.

संध्याकाळी बाबांचा फोन. "मी वरून सारं पाह्यलं." मग, "गाडी इकून टाकू."

सोम., १२ जाने.

ठरलं पण! वानखडेकाका, म्हणजे बाबांच्या बसवरचे कंडक्टर, त्यायच्या भाच्याले अशीच स्पोर्ट बाइक पाहिजे. अंजनगावले राहतो. १५ फेब्रु.ले घरी येऊन पाहणार. मले विचारलं कोणी? नाही.

आईले फोनवर म्हटलं, निळी माझ्या पगाराची आहे, माझी आहे.

आई : "गाडी तुही हाय बाई. पोरगी त्यायची हाय."



तोवर हायवेवर निळी बंद. शनि.-रवि. घरी जायचं तर बसनं. ३४ दिवस.

बुध., १४ जाने.

सापडलं!! स्टेअरिंग डॅम्पर. (इथून पुढे नुसतं डॅ.) आमच्या लॅबच्या दाराले वर तो तेलाचा दांडा आहे ना, दार धाडकन लागू देत नाही, तेच. हळू ढकललं की जाऊ देते, झटका दिला की अडवते. हँडलले तसाच लावायचा. झालं, हँडल हलणार कसं?

आईले समजावलं. "मंग दाराचाच लाव न काढून."

दोन प्रकार. गोल डबीचा लय भारी, पण निळीले बसवायला जागा नाही. म्हणून दांड्याचा. सोनेरी रंगात मिळून राहिला. निळ्यावर सोनेरी... बाप्पा! मागवला.

शनि., १७ जाने. अमरावती

बाबांच्याच बसनं आली. ड्रायव्हरच्या मागची सीट. कुरणखेड गेलं, मूर्तिजापूर गेलं, शब्द नाही. वानखडेकाका मधून मधून माझ्याकडे पाहून भुवया उडवत होते.

बडनेऱ्याले आरशातून : "मुंडीची बेरिंग पाह्यली का?"

मी : "कोणती?"

"एवढी शिकली अन कोनती इचारते."

सगळी पुढची बस हसली. पण बोलले!

गुरु., २२ जाने. अकोला

डॅ. आला. धान्यबाजाराच्या मागे गजुभाऊंचं गॅरेज आहे. आधी ते फवारणीचे पंप दुरुस्त करत, आता अकोल्यातल्या सगळ्या स्पोर्ट बाइका त्यायच्याच दारात. पट्ट्या लावल्या, दांडा बसवला. चमकला असा की मी फोटोच काढत राहिली.

गजुभाऊंनी हँडल डावीकडं वळवलं. पूर्ण. उजवीकडं... अर्ध्यावरच टक्. दांडा संपला.

"मॅडम, लांबी मोजली होती?"

मी फोन खिशात टाकला.

"कलर मोजला वाटते."

मग नीट सांगितलं. हँडल पूर्ण वळून फ्रेमच्या टेकणीलेच थांबलं पाहिजे, डॅ.नं थांबता कामा नये. "यू-टर्न घ्याले जासान अन सिद्ध्या नालीत."

काढला. परत पाठवला. सोनेरी गेला. दुसऱ्या लांबीचा सांगा म्हटलं तर तोही नाही म्हणे. "आंधी हे सांगा, कावून हलते? गाडी मान हलवते म्हंजे तिले काही सांगाचं हाय. तुमी तर तिचं तोंडच बांधून राहिल्या."

उद्या बोलावलं.

शुक्र., २३ जाने.

पुढचं चाक उचलून धरलं, खालून फोर्क, म्हणजे चाकाचे दोन दांडे, पकडून मागे-पुढे ओढला. टिक्. एकदम बारीक. माझं बोट वर ठेवायला लावलं तेव्हा कळलं. मुंडीची, म्हणजे हँडल जिथं फ्रेममध्ये फिरते तिथली, बेरिंग ढिली. बाबा बरोबर. शी!

गजुभाऊ : "एवढ्यानं एवढी नाचत नाही पन. त्या दिवशी मांगं काय होतं?"

"बॅग."

"बॅगीत?"

"ज्वारीचं पीठ. आणि संत्री."

"किती?"

"आईनं भरली होती."

गजुभाऊ स्टुलावर बसलेच. रुमालानं डोळे पुसले. "अवो शेपटीवर पोतं बांधलं, पुढचं चाक झालं हलकं, बेरिंग ढिली, वरून एका हातानं टाटा. ते नाचन नाही तं काय करन?"

आईले फोन केला.

"म्हंजे माह्या संत्र्यायनं झालं?"

थोडंसं, म्हटलं. मग म्हणे, "पीठ तं बाबानंच दळून आनलं होतं." आरोपी वाढून राहिले.

रवि., १ फेब्रु. अमरावती

बाबांले सांगितलं, बेरिंगच होती, नवीन टाकली, आता आठवडाभर डॅ.शिवाय चालवून पाहते. बाबा पेपर वाचत होते. पेपरामागून : "अन संत्रे?"

आईनं सांगून टाकलं होतं. पेपर हलून राहिला होता. म्हणजे हसत होते. पक्कं.

मी लगेच : "मग भाच्याले नाही म्हणा न."

पेपर हलायचा थांबला. "शब्द देल्ला आहे. पंधराले पाहू."

शुक्र., ६ फेब्रु. अकोला

दुसरा डॅ. या वेळेस हँडल डाव्या टोकापासून उजव्या टोकापर्यंत वळवून टेपनं मोजलं, दोनदा, लिहून घेतलं. काळा आहे. साधा. बसला!! दोन्हीकडं पूर्ण वळते, टाकीले लागत नाही, वायर दबत नाही. गजुभाऊंनी बोल्ट आवळून पेनानं खूण केली, ढिला झाला तर दिसावं म्हणून.

मी विचारलं, पाच दिवस निळी हललीच नाही, मग डॅ. लावायचा कशाले?

"खड्डा तुमाले फोन करून येते का? आता हा औषध नाही मॅडम. राखनदार हाय."

शनि., ७ फेब्रु.

आज माझी फजिती. डॅ.वर एक बटण आहे, फिरवलं की कट् कट् वाजते, जितके कट् तितका घट्ट. वीस आहेत. मी वीसही केले. राखणदार तर कडकच पाहिजे न!

बसस्टँडसमोर गर्दीत हळू चालवायची तर हँडल चिखलात रुतल्यासारखं. मी इकडून तिकडं, तिकडून इकडं. दोन्ही पाय खाली.

ऑटोवाला : "ताई, सायकल शिकून रायल्या का?"

हेल्मेट होतं म्हणून बरं.

गजुभाऊंनी चारवर आणलं. तिथून एक-एक वाढवत सहावर थांबली. सहावर निळी गर्दीत लोण्यासारखी वळते. आज उगाच गल्लीगल्लीनं फिरली. किती दिवसांनी गाणं म्हटलं हेल्मेटमध्ये.

शुक्र., १३ फेब्रु.

उद्या निळीले घरी न्यायचंय, परवा भाचा येणार. टेम्पोत टाकून आण म्हणाले बाबा. मी म्हटलं, मी चालवतच आणणार. भांडली नाही, नुसतंच म्हटलं. बाबा मग :

"माह्या बशीच्या पुढं चाल. साठ. आरशात मी दिसलो पाह्यजे."

शनि., १४ फेब्रु. अमरावती

कसं लिहू!

अकोल्याहून निघाली, मागे काही नाही, बॅग पाठीवर, हलकी. आरशात पूर्ण लाल बस. बाबांचा चेहरा दिसत नव्हता, हात दिसत होते. कुरणखेडले बस थांबली, मी थांबली. मूर्तिजापूर स्टँडवर थांबली, मी बाहेर थांबली. खिडकीतून एक आजी ओरडली, "थे पाह्य, थे डायवरसायबाची पोरगी!" वानखडेकाकांनी गाडीभर सांगून ठेवलं होतं.

मूर्तिजापूर सोडलं, रस्ता मोकळा. मागून हॉर्न, छोटा, दोनदा. आरशात पाहिलं. बाबांचा हात : जा पुढं.

सत्तर. ऐंशी. हँडल गप्प. दोन्ही हात हँडलवर पण सैल, गजुभाऊंनी सांगितलं तसे. मग एका पुलावरचा जोड, मले दिसलाच नाही. पुढचं चाक उडालं. हँडलनं एक झटका दिला... आणि बस्स. शांत. एकदाच. मी ओरडली हेल्मेटमध्ये. आनंदानं. लगेच रेस कमी केली, बस जवळ येऊ दिली.

अमरावतीच्या स्टँडवर बाबा खाली उतरले. निळीभोवती एक चक्कर. वाकून डॅ.ले बोट लावलं. हँडल एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत वळवलं, आधी हळू, मग झटक्यानं. परत हळू.

मी वाट पाहून राहिली.

"ऊन लागते. घरी जाय."

एवढंच! वानखडेकाका मागून : "भाचा उद्या अकराले येते बरं."

रवि., १५ फेब्रु.

आज बाबांची सुट्टी. सकाळी नऊले उठून पाहते तर निळी नाही. चावी नाही. माझं हेल्मेट नाही.

आई : "दूध आनतो म्हने." दूध घरात आहे.

बाबांनी दुचाकी शेवटची कधी चालवली, आईलेही आठवत नाही.

९.४०. फोन केला. टीव्हीजवळ वाजला. घरीच ठेवून गेले.

१०.१५. गेटपर्यंत चार वेळा जाऊन आली. ते हेल्मेट त्यायले घट्ट होणार. ब्रेक मऊ आहेत, हलकेच दाबायचे, हे सांगायचं राहिलं. सहाच कट् आहेत हेही. आई म्हणते, "आता कयलं, वाट पाहाचं कसं असते?"

१०.५०. भाचा आला. चांगला मुलगा आहे, स्वतःचं हेल्मेट घेऊन आला. जय भीम केला, बसला, चहा घेतला. गाडी कुठं आहे म्हणे. आई म्हणे, येऊनच राहिली.

११.२०. ओट्यावर वही ठेवून लिहून राहिली. भाचा तिसऱ्यांदा घड्याळ...

आवाज! निळीच. गल्लीच्या तोंडाशी आली. रेस कमी झाली. भाच्यानं कप खाली ठेवला, उभा राहिला. आई दारात गेली.

आवाज वाढला. पुढं गेला, सरळ, बडनेऱ्याच्या रस्त्याकडं.

आई पदराआड हसत आत आली. भाच्याले म्हणते, "बसा न भाऊ. अजून एक चाय ठेवते."