रुखवतातला गेमिंग पीसी

१९ फेब्रुवारी

ठरलं! रुखवतात पीसी ठेवायचा. विकतचा डबा नाही — पाण्यावर थंड होणारा, नळ्या मी स्वतः वाकवलेल्या, गेम खेळायचा खराखुरा पीसी.

आईला सांगितलं तर तिचं लाटणं हातातच राहिलं. "लोकाच्या पोरी लोकरीची तोरणं करतेत, सुपारीचे नवरा-नवरी करतेत. अन् तू काहून पेटारा मांडून राहिली?" म्हटलं, आई, रुखवत म्हणजे नवरीच्या हातचं काम ना? मला क्रोशाची सुई धरता येत नाही, पेचकस धरता येतो. मग हेच माझ्या हातचं. कळमनुरीच्या सासरच्या मंडळींनी टेबलापुढं उभं राहून म्हणावं, हे पोरीनं केलं. बास. मला लग्नात दुसरी काही हौस नाही.

पप्पा नुसते हसले. वसमतला मोटरपंप दुरुस्तीचं दुकान चालवणाऱ्या माणसाला पाणी फिरवायचं काय नवल.

२२ फेब्रुवारी

रुद्रला फोनवर सांगितलं. घाबरत घाबरत. साखरपुडा होऊन पंधरा दिवस झाले, पण मी क्लासमध्ये कॉम्प्युटर शिकवून घरी आले की गेम खेळत बसते हे त्याला माहीतच नव्हतं.

तो तर उडालाच. "खरंच? तुला येतं जोडायला?" गेमचं त्यालाही वेड आहे! आजवर आमचं बोलणं म्हणजे जेवलात का, हो, तू जेवलीस का, हो. आज फोन गरम होईपर्यंत बोललो. म्हणाला, "प्रोसेसर आय नाईन घे. सगळ्यात मोठा." मी पटकन हो म्हणून टाकलं. आवाज छान आहे त्याचा.

२७ फेब्रुवारी

आय नाईन नको. चार दिवस वाचून काढलं, आता डोकं ठिकाणावर आलं.

रायझन सेव्हन घेणार, एक्सथ्रीडीवाला. त्याच्या पोटातच जादा मेमरी असते आणि गेमला तीच लागते. वीजही कमी खातो, म्हणजे पाण्यात सोडायची गरमी कमी. आमच्याकडं एप्रिलात घरातच बेचाळीस असतं. पाणी काही जादू करत नाही, खोलीतल्या हवेहून थंड होतच नाही. मग मुळात कमी तापणारा घ्यावा की. परदेशातली पोरं एसीत बसून सांगतात, त्यांचं आपण काहून ऐकायचं?

रुद्रला सांगितलं. "बरं बाई, तुझी मर्जी. पण मी तर मित्रांना आय नाईन सांगून बसलो." खूप हसलो दोघं.

५ मार्च

रेडिएटर आला, पाण्यातली गरमी बाहेर टाकायची जाळी. तांब्याचा. पप्पांनी आधी खरंच तांबं आहे का म्हणून कोपरा नखानं खरवडून बघितला, मग मला हात लावू दिला.

११ मार्च

तीन नळ्या वाया गेल्या. गरम हवा मारली की नळी मऊ पडते, पण वाकवली की कोपऱ्यात चपटते. मग आत रबराची दोरी घालून वाकवली, तेव्हा कुठं गोलाई राहिली. हाताला चटका बसला. आई ओरडली, "नवरीच्या हाताला फोड! मेंदी कशावर काढायची?"

आफिफा बघायला आली होती. आम्ही दोघी एकाच क्लासमध्ये शिकवतो आणि एकाच टीममध्ये खेळतो. मला म्हणाली, "पिरी, तेरा रुखवत है या बोअरवेल?" पण चौथी नळी अशी वळली, अशी वळली, की तिनं लगेच फोटो काढला. मी तर नळी हातात घेऊन घरभर फिरले.

२४ मार्च

पाणी भरलं. डिस्टिल्ड, बॅटरीच्या दुकानातलं. आधी नुसता पंप चालवला, बाकी सगळं बंद. प्रत्येक सांध्याखाली कागदी रुमाल ठेवले आणि दिवसभर तिथंच बसून राहिले. जेवले पण तिथंच.

एकही रुमाल ओला नाही! एकही नाही!

६ एप्रिल

आज आफिफा आणि मी आळीपाळीनं तीन तास खेळलो. बाहेर ऊन मरणाचं, पत्रे तडतडत होते, आणि आत प्रोसेसर बहात्तरच्या वर गेला नाही. आवाज किती, तर पंख्याच्या आवाजात ऐकूच येत नाही. पप्पा दुकान सोडून दोनदा येऊन बघून गेले. दुसऱ्यांदा म्हणाले, "झकास हाय." पप्पा असं कुणाला म्हणत नाहीत.

रुद्रला व्हिडिओ पाठवला. लगेच फोन. "मित्रांना दाखवू का?" दाखवा की, म्हटलं. मला इतकं बरं वाटलं की फोन ठेवल्यावर उगाच अंगणात जाऊन उभी राहिले.

१८ एप्रिल

रूपाआत्यानं घात केला.

लग्नाच्या तयारीला आली ती बाई. मशीनच्या पाण्याच्या टाकीचं झाकण उघडून आत चांगला चमचाभर हळद टाकली! आमच्याच शेतातली, यंदाची नवी. का, तर "शुभ कामात पांढरं पाणी ठेवतेत का कुठं?" आणि वर मला बोलावून दाखवते, "बघ गं, सोन्यावानी दिसून राहिलं." दिसत होतं खरं. मी पडद्याकडं बघितलं तर प्रोसेसर चौऱ्याण्णव. मग मशीन आपोआपच बंद पडली.

प्रोसेसरवर जो तांब्याचा ठोकळा बसतो ना, त्याच्यात केसाएवढ्या बारीक खाचा असतात. त्यातून पाणी जातं. सगळ्या खाचांत हळद जाऊन बसली. मी आत्याला नको नको ते बोलले. आत्या रडायला लागली, मग मीपण.

२० एप्रिल

सगळी मशीन उकलली. ठोकळा खोलून मऊ ब्रशनं खाचा घासल्या. एक मी, एक आत्या. ती म्हणाली, "पोतंभर हळद निवडली आयुष्यात, पण अशी काढायची पाळी न्हाई आली." तेव्हा कुठं हसले. पाणी किती वेळा बदललं, मोजलं नाही.

परत सत्तरवर आली. नळ्या मात्र कायमच्या पिवळ्या झाल्या. राहू दे. हळदीच्या गावची, वसमतची मशीन आहे, हळद लागायचीच.

३ मे

उद्या लग्न. टेबल मांडलं. एका बाजूला काकूनं केलेलं रुखवत, तांदळाचा किल्ला, लाडवांचे डोंगर. मधोमध माझी मशीन, चालू. आईनं स्वतःहून पुठ्ठ्यावर लिहून लावलं, "चि. सौ. कां. प्रियंका हिने स्वहस्ते बनविलेला संगणक". फेब्रुवारीत पेटारा म्हणणारी तीच ही. उद्याची वाट बघवत नाही.

५ मे, कळमनुरी

लिहावं की नको. लिहिते.

काल अक्षता पडल्या, जेवणं सुरू झाली, तेव्हा मी रुखवताच्या टेबलामागच्या खुर्चीत टेकले होते. पुढं रुद्र आणि त्याचे मित्र. मी त्यांना दिसत नव्हते. आईनं लावलेला पुठ्ठा कुणीतरी उलटा करून ठेवला होता.

संतराम नावाचा त्याचा एक मित्र आहे, त्यानं विचारलं, "खरंच वहिनींनी केलं?" रुद्र म्हणाला, "तिला काय येतंय? डिझाईन सगळं माझं. मी फोनवर सांगत गेलो, सासऱ्याच्या दुकानातल्या माणसानं जोडलं." सगळे वाहवा करून राहिले. मागं त्याची आई उभी. तिनं बायकांना सांगितलं, आमच्या रुद्रनं बनवलंय.

तोंडात लाडू होता. नुसती चावत राहिले. उठून बोलायला पाहिजे होतं. मुंडावळ्या बांधून बसलेली नवरी कशी उठणार? आज लिहिताना वाटतं, काहून नाही उठणार?

निघताना मशीनमधलं सगळं पाणी काढून टाकलं. गाडीत हेलकावे बसले असते तर सांडलं असतं. पप्पांनी बाटली भरून वेगळी दिली. त्यांना काही सांगितलं नाही. त्यांनी मशीन स्वतः उचलून गाडीत ठेवली आणि वर माझी शाल घातली.

६ मे

रुद्र चांगला वागतो. मला काही हवं का, दहा वेळा विचारतो. त्यानं आणखी राग येतो.

९ मे

संध्याकाळी संतराम आणि आणखी दोघं मशीन बघायला आले. मी चहा घेऊन गेले. रुद्र त्यांना नळ्या दाखवत होता, रेडिएटरला पंप म्हणत होता. "बघा आता," म्हणून बटणाकडं हात नेला. आत पाण्याचा थेंब नाही. कोरडा पंप जळाला असता. मी ट्रे खाली ठेवला आणि त्याचा हात धरला, सगळ्यांसमोर. "पाणी भरल्याशिवाय चालू करायची नाही." संतराम हसला, "वहिनी, तुम्हाला काय माहीत?" म्हटलं, "मी बनवली." सासूबाई दारात होत्या.  रुद्रचे कान लाल झाले. खाली बघत बसला. मग उठला आणि मशीनपुढची खुर्ची माझ्याकडं सरकवली.