हाताचा अंदाज

गुरुवार, संध्याकाळ

सकाळी वर्गात शिकवलं की, वजन उचलायच्या आधीच मेंदू अंदाज बांधतो आणि तेवढेच स्नायूतंतू कामाला लावतो. भरलेला समजून रिकामा पाण्याचा जार उचलला, की हात झटकन वर जातो. पोरं हसली.

कॉलेज सुटल्यावर बजाजनगरला भावाकडं गेलो. जाऊ जाऊ म्हणत किती दिवस काढले! वहिनी म्हणाल्या, "भावजी, आईंना जरा उठवून बसवा." काखेत हात घालून उचललं, तर आई एकदम वरच आली. त्या रिकाम्या जारसारखी.

"लई जोर लावला रं," आई हसून म्हणाली.

वहिनी रोज उठवतात, त्यांचा अंदाज चुकत नाही. माझ्या हातांना अजून दिवाळीतलीच आई ठाऊक होती.