शरयूला लंका दाखवली

सांगली,
ता. १४ डिसेंबर १९४६

गं. भा. काकूंच्या पायांशी विनूचा नमस्कार.

तुम्ही वाईहून पाठवलेलं मेतकूट पोचलं. नलू रोज भातावर मागते. इकडे आम्ही सगळे ठीक, पण तिचा खोकला काही केल्या हटत नाही. डॉक्टर म्हणतात, पोरीला थोडे दिवस समुद्राच्या हवेत ठेवा. ह्यांच्या मनात रत्नागिरी होती. मीच म्हटलं, हळदीच्या व्यापारात कोलंबोपर्यंत ओळखी केल्यात, त्या कशासाठी? लढाई संपली, आगबोटी सुरू झाल्या. लंका आता नाही बघायची तर कधी?

तिथे नटेशन म्हणून ह्यांचे अडते आहेत. त्यांनी राहण्याच्या दोन जागा कळवल्या. एक टेकडीवरचं सरकारी विश्रामगृह. दारंखिडक्यांना जाळ्या, जवळच दवाखाना. त्यांच्या मते तीच जागा चांगली. पण स्वयंपाकघर एकच, आणि त्यात मासेमटण शिजतं. ते आपल्याला कसं चालावं? दुसरा गॉल शहराच्याही पुढे एका खेड्यातला बंगला. दारातून उतरलं की वाळू. चूल वेगळी, विहीर वेगळी. मागे खाजणाची दलदल आहे, संध्याकाळी जपून राहा, असं ते लिहितात. एवढ्या-तेवढ्याला भ्यायचं तर घरीच बसावं. मी बंगला पक्का केला.

आता स्वयंपाकाला घरचं माणूस हवं. म्हणून म्हणते, शरयूला पाठवा. घरात बसून ती तरी काय करते? लंका बघेल, समुद्र बघेल. परत आलं की तिच्या लग्नाचं हे मनावर घेणार आहेत. मॅट्रिक झालेली, रंगानं उजळ, स्थळाला काय तोटा? वामनला म्हणावं, साताऱ्याच्या शाळेतून दोन दिवस रजा काढ आणि बहिणीला इथं पोचव. नऊवारी दोन पुरे. बाकी माझी जुनी देईन.

तुमची,
विनू


सिलोन,
ता. ६ जानेवारी १९४७

गं. भा. काकूंना विनूचा नमस्कार.

तुम्ही म्हणाल, पोरी रावणाच्या गावात जाऊन आम्हाला विसरल्या. तसं नाही. इथं दिवस कसा जातो कळत नाही. बंगल्यापासून हाकेच्या अंतरावर समुद्र. पाणी इतकं निळं की शाईत लुगडं बुडवल्यासारखं. नलूचा खोकला थांबला. हे रोज पोहतात. आमचा राखणदार सिमन म्हातारा आहे. ह्यांच्याशी मोडकंतोडकं इंग्रजी बोलतो. काळ्या खडकांच्या पलीकडे जाऊ नका, पाणी उकळून प्या, दिवे लागले की मच्छरदाणीत बसा, असं त्याचं रोजचं पालुपद. हे ऐकतात आणि हसतात, पण ऐकतात.

बंगल्यात मच्छरदाण्या दोनच निघाल्या. एक आमच्या पलंगावर, एक नलूला. शरयू मागच्या पडवीत चुलीजवळ निजते. धुराला डास येत नाहीत असं तीच म्हणाली. क्विनीनच्या गोळ्या आणल्यात, त्या आम्ही रोज घेतो. तिला मी घे म्हटलं होतं, पण गोळ्या मोजक्या, आणि नलूला पुरायला हव्यात. तिनंही हट्ट धरला नाही. गुणाची आहे हो.

एकदा म्हणाली, "ताई, मी पण पाण्यात येऊ का?" मी म्हटलं, बाई, तुझं अजून लग्न व्हायचंय, चारचौघांत ओलेत्यानं कुठं उभी राहतेस? नटेशन आणि त्यांच्या घरची मंडळी त्या दिवशी जेवायला होती. मग ती पुरणाच्या मागे लागली. पुरणपोळी अशी केली की नटेशनच्या बायकोनं कृती लिहून घेतली. तुमचं नाव राखलं.

दोन दिवस तिला जरा कसर आहे. थंडी वाजते, मग घाम येऊन मोकळं होतं. हवापालटानं होतं असं. सिमनची बायको उगाच डोळे मोठे करून माझ्याकडे बघते. त्या बाईला मराठी येत नाही हे बरं. शरयू पत्र लिहिणार होती, पण हात कणकेत होते. तिचा नमस्कार.

तुमची,
विनू


सांगली,
ता. ११ फेब्रुवारी १९४७

गं. भा. काकूंना विनूचा सादर नमस्कार.

काय लिहू? यंदा हळदीची आवक दांडगी आहे, ह्यांना जेवायलाही फुरसत नाही. नलूनं चांगलं अंग धरलंय. बघणारा म्हणतो, ही तीच का?

वामन परवा येऊन गेला. वाईला येऊन त्यानं तुम्हाला तिखटमीठ लावून सांगितलंच असेल. म्हणून मी लिहितेय. झालं ते झालं, पण ते नीट कळावं.

शरयूचा ताप उतरायचा आणि पुन्हा चढायचा. सिमननं हिवताप म्हणून सांगितलं. गॉलहून डॉक्टर आणा म्हणाला. पण आमचं निघणं चार दिवसांवर आलं होतं. इथं माल येऊन पडलेला, मुनीमाच्या तारांवर तारा. त्यात कुणी तरी ह्यांना सांगितलं की आगबोटीच्या धक्क्यावर डॉक्टर प्रत्येकाच्या कपाळाला हात लावून बघतो. तापाचा माणूस सापडला की त्याच्याबरोबरची सगळी मंडळी छावणीत अडकवून ठेवतात. नलूला घेऊन छावणीत राहायचं? तुम्हीच सांगा.

हे बोलणं शरयूनं ऐकलं. निघायच्या दिवशी पहाटे उठून ती विहिरीवर गेली आणि डोक्यावरून घागरीमागून घागरी ओतून घेतल्या. कशासाठी, तर अंग गार लागावं, डॉक्टरला कळू नये. असला अविचार. आदल्या दिवशी ट्रंका तिनंच भरल्या होत्या, आमच्या आणि तिचीही. मोटार दारात आली तेव्हा प्रवासाचं लुगडं नेसून पडवीत उभी. केस ओले. माझा हात धरून स्वतःच्या कपाळावर ठेवला.

"बघ ताई, गार आहे ना? मी बोलणार नाही काही. कोपऱ्यात बसेन."

गार होतं, काकू. त्या वेळी गार होतं. पण दात वाजत होते, ते मला दिसत होतं. हे मोटारीतून ओरडत होते. मी तिला म्हटलं, "तू पडून राहा. आम्ही गॉलला जाऊन डॉक्टरला घेऊन येतो. संध्याकाळी निघू सगळे."

तिला ते पटलं. पटलं असंच मी धरून चाललेय. नलूसाठी बांधलेल्या दशम्यांचा डबा तिनं आत जाऊन आणला आणि माझ्या हातात दिला. "भूक लागेल तिला," म्हणाली. मग मोटारीत चढवलेल्या ट्रंकांकडे बघितलं. तिची एकटीचीच खाली राहिली होती. सिमनच्या बायकोजवळ ह्यांनी पैसे दिले, नटेशनना चिठ्ठी दिली की बरी झाली की पोचती करा. ह्याहून कुणी काय करतं?

धक्क्यावर डॉक्टर खुर्चीत बसून चिरूट ओढत होता. आमच्याकडे त्यानं मान वर करूनही पाहिलं नाही. कपाळाला हात लावणं तर लांबच. हे मला म्हणाले, "आता ते मनात आणू नकोस." मी आणत नाही.

मिरजेला आमचा गडी ज्ञानू गाडी घेऊन आला होता. सामान उतरवताना विचारतो, "बाईसाब, शरूताई कुटं हायत?"

"मागून येतील," म्हटलं.

"एकल्याच? एवढ्या लांबनं?"

नोकरमाणसं अलीकडे फार बोलायला लागली आहेत.

नटेशनची तार आली ती रथसप्तमीच्या सकाळी. आम्ही निघाल्यावर ती दोन दिवसच होती म्हणे. माझं हळदीकुंकू त्याच दुपारी. साठ बायकांना आमंत्रणं गेलेली, वाणं आणून ठेवलेली. त्या वेळी तार सगळ्यांत उघडी केली असती तर काय झालं असतं? गुरुजींना मी नंतर विचारून घेतलं. लग्न झालेल्या मुलीला चुलतबहिणीचं सुतक नाही. म्हणजे शास्त्रानं तरी काही चुकलं नाही. मग तुम्हाला आज कळवू, उद्या कळवू, असं करता करता वामनच येऊन ठेपला.

ओसरीवर बसला. पाणी पुढं केलं, ते घेतलं नाही. शरूचं पत्र का येत नाही, एवढंच विचारलं. मी सांगत होते की इस्पितळात ठेवलंय, पण हे पेढीवरून आले आणि त्यांनी सरळ सांगून टाकलं.

वामन म्हणाला, "विनूताई, ती जिवंत असताना तुम्ही निघालात?"

हे म्हणाले, "मग काय, मरायची वाट बघत बसायचं होतं? एकीपायी तिघांनी तिथं कुजायचं?"

"भाऊजी, तिच्याजवळ कोण होतं?"

"राखणदाराची बायको होती."

"तिला मराठी येत होतं?"

वामन उठला. जाताना विचारलं की तिचं दहन केलं की तिला पुरलं. ते तारेत नव्हतं. हे पत्र घालून विचारणार आहेत, पण आत्ता हंगाम आहे, थोडं थांबावं लागेल. त्यावर तो दारात इतक्या मोठ्यानं रडला, काकू, की शेजारच्या गच्चीवर बायका जमल्या. शिकलेल्या माणसानं, मास्तरानं, असं करावं?

तर आता मुद्द्याचं. वाईत विचारतील. ताप एकाएकी चढला आणि आमच्या मांडीवर डोकं ठेवून गेली, असं सांगावं. लग्नाची मुलगी परक्या मुलखात परक्यांच्या हाती टाकली म्हटलं की लोक तिच्याबद्दलच नाही नाही ते बोलतील. मेलेल्या पोरीची अब्रू तरी राखा. वामनलाही तेवढं समजावा. त्यानं पुन्हा इथं येऊ नये. लंकेला जाण्याचं वेडही डोक्यातून काढावं. तिथं बघण्यासारखं आता काही नाही.

तिची ट्रंक नटेशन पाठवणार होते. ती मागवू नये असं मी ह्यांना सांगितलंय. रोगाची लागण असते कपड्यांना.

आई गेल्यावर तुम्ही मला पदराखाली घेतलंत. शरयूच्या आणि माझ्या ताटात कधी भेद केला नाहीत. ते मी विसरलेले नाही. म्हणून हक्कानं सांगते, रडून प्रकृती बिघडवून घेऊ नका. औषधपाण्याला काही लागलं तर कळवावं. उत्तर मात्र पाठवाल ना? मागच्या पत्राचंही आलं नाही.

आता मुलगी म्हणून तुम्हाला मीच.

आपली लेक,
सौ. विनोदिनी