शिंगाड्याचे काटे

बाबा, काल तुमच्या नातीने पुन्हा पक्कड हातात धरली, म्हणून तुमच्याशी बोलावंसं वाटलं. तुम्ही गेलात तेव्हा ती जन्मलीही नव्हती. आता आम्ही ऊर्जानगरला क्वार्टरमध्ये राहतो, ती आयटीआयला वायरिंग शिकते.

तुमचे हात मला तळ्याच्या काठावरच दिसतात. तुम्ही डोंग्यातून शिंगाडे काढून आणता, आई ते उकडते, आणि तुम्ही एकेक सोलून माझ्या ओंजळीत टाकता. नखांवर टाचणीने टोचल्यासारखे बारीक खड्डे, कोपरावर पांढऱ्या खपल्या, बोटं गाजरासारखी सुजलेली. मी विचारलं की हसायचात. "काटे टोचले ते, बाई. तळं काय फुकटात शिंगाडे देते?" साऱ्या मोहल्ल्याला हे पटलेलं होतं, शिंगाडे काढणाऱ्याचे हात असेच, म्हणायचे. पुढे बोटं वाकली, डोंगा ढकलायचा बांबू धरता येईना, तरी दवाखान्याचं कोणाला सुचलं नाही. काट्यासाठी कोण दवाखान्यात जातं?

यंदा दिवाळीनंतर पोरीचं मधलं बोट टोकापासून मुळापर्यंत सुजलं. पक्कड दाबता येईना, आणि हाताचं काम गेलं तर तिचं शिक्षणच गेलं. चंद्रपूरच्या डॉक्टरबाईंनी बोटाआधी नखं पाहिली, मग कोपर. "घरी कोणाचे सांधे सुजत होते?" मी तुमचं सांगितलं, काट्यांसकट. पोरगी म्हणाली, "आई, मी तं शिंगाडा फक्त खाल्ला. तळ्यात कुठी उतरली मी?" बाईंनाही हसू आलं. मग त्यांनी समजावलं: काटे नव्हेत, हा सोरायसिस, कातडीसोबत नखं आणि सांधेही धरतो. रक्तातून त्याचा कल येतो, घरात सगळ्यांना होतोच असं नाही. पण ज्याच्या नखांवर हिच्यासारखे खड्डे, त्याच्या सांध्यांवर लक्ष ठेवायचं. "लवकर आणलं तुम्ही. बोट वाकू द्यायचं नाई आपल्याले."

आठवड्यातून एकदा गोळी, अधूनमधून रक्ताची तपासणी. सूज बरीच उतरली आहे. काल तिने जाड वायर एका दाबात कापली आणि बोट माझ्यापुढे नाचवलं. "पाह्य आई, आजोबाचं बोट कामाला लागलं."

हा कागद घडी घालून कपाटात ठेवते, धाडायचा कुठे? एक मात्र तिलाही सांगितलेलं नाही. डॉक्टरबाईंनी तिची नखं दिव्याखाली धरली, तेव्हा मला भीती नंतर वाटली. आधी वाटलं, किती दिवसांनी तुमचा हात पाहिला.