चिंध्या बांधलेले नळ

३ फेब्रुवारी
खोली मिळाली एकदाची! वर मी, खाली फोरमनकाका, काकू, त्यांचा मुलगा, सून आणि सहा वर्षांची नात. नाक बसकं म्हणून सगळे तिला नकटी म्हणतात आणि ती खूश होते. पाणी शुद्धीकरण केंद्र खिडकीतून दिसतं, म्हणजे नोकरी हाकेच्या अंतरावर. उद्या प्रयोगशाळेत रुजू. घरातल्या सगळ्या नळांना मात्र चिंध्या बांधल्यात. गळत असतील.

७ फेब्रुवारी
गळत नाहीत. काका म्हणाले, माणसं ढिली पडावीत म्हणून 'ते' नळातून पावडर सोडतात. पोती आत जाताना त्यांनी डोळ्यांनी पाहिलीत. अहो, तुरटी ती! मीच मोजून टाकते. पण कातड्याचा कारखाना बंद का पडला, मुलगा तीनदा मुलाखतीत का आपटला, काकूंचे गुडघे का धरतात, सगळ्याला उत्तर एकच: नळ. कारखान्यात काकांच्या हाताखाली शंभर माणसं होती, आता दिवसभर ओट्यावर बसून असतात. पाणी आणतात कारखान्यामागच्या विहिरीचं. तेव्हा हेच पीत होतो आणि वाघ होतो, म्हणे.

१२ फेब्रुवारी
विहिरीचं पाणी तपासलं. शी! बूच काढलं तशी कुजक्या चामड्याची घाण नाकात बसली, ती जेवतानाही जाईना. तळाला केस, वर तवंग. अहवाल काकांपुढे ठेवला. त्यांनी न वाचताच माझ्या सहीवर बोट ठेवून विचारलं, पगार कोण देतं.
नकटीला रोज जुलाब होतात. सून तिला आणखी तेच पाणी पाजते, विष उतरावं म्हणून. डॉक्टर म्हणे 'त्यांचाच' माणूस. मी पोलीस चौकीत जाऊन आले. तिथल्या नळालाही चिंधी.

१८ फेब्रुवारी
नकटीला शाळेत मीच सोडते. वाटेत नळाचं उकळलेलं पाणी पाजते, चोरून. चार दिवसांत पोरगी उड्या मारायला लागली. काकू गल्लीभर सांगत सुटल्यात, विहिरीचा गुण आला. किळस येते मला या माणसांची. म्हणू देत, पोरगी जगतेय ना.

२३ फेब्रुवारी, सकाळ
नकटी बोलून गेली. मावशीचं पाणी गोड लागतं म्हणाली.
अंगणात धरून बसवलंय तिला. पोटातलं नळाचं पाणी निघेपर्यंत विहिरीचं पाजणार. ओकते, तोंड पुसतात, पुन्हा पेला. सून रडतेय, आणि पेलाही तीच धरतेय. मी खाली जाते—

दुपार
खोटं बोलले. बाटलीत विहिरीचंच होतं, फक्त साखर घातली होती, असं सांगितलं. पोरीला सोडलं. काकांनी माझ्या पाठीवरून हात फिरवला.
"मग आमच्यातलीच की तू. घे, पी."
तीन पेले. दातांत केस अडकला, निघत नाही—

संध्याकाळ
ओकून ओकून घसा सोलवटला. काकांचा हुकूम: उद्या मी गल्लीसमोर सांगायचं, नळात पावडर असते, मीच टाकते. मी नाही म्हणाले.
दाराला बाहेरून कडी—

उघडलं. नकटी एकटीच. हातात पेला, काठोकाठ.
आजोबा म्हणाले, मावशी प्यायली नाही तर तू पी. मी पिते, म्हणतेय. तुझं विष मी उतरवते मावशी, म्हणतेय— हसतेय—
नकटे, थांब, आण इकडे, मी—