मागच्या भिंतीवरचा चंद्र

विचुंबे, पनवेल

ती. सौ. सुमतीताईस धाकट्या वसुंधरेचा नमस्कार.

तुझा गुडघा कसा आहे? भावोजींचा खोकला थांबला का? इकडे सगळं क्षेम आहे असं लिहायची पद्धत आहे, पण खरं सांगायचं तर घरातली माणसं क्षेम आहेत, घर नाही. फोनवर बोलले असते, पण फोन वाजला की हे माझ्या शेजारी येऊन बसतात आणि स्पीकरवर टाक म्हणतात. म्हणून पत्र.

पुढच्या रविवारी ऋचाचं डोहाळजेवण आहे. सूनबाई एकदाच, सहज बोलून गेली की चांदण्यातलं डोहाळजेवण आवडेल. झालं, यांनी मनावर घेतलं. मागच्या अंगणावर पत्रा आहेच, तिथे झोपाळा टांगायचा ठरला, आणि झोपाळ्यामागे टेकडी अडवणारी जी भिंत आहे तिच्यावर यांनी स्वतः शिडी लावून भलीमोठी चंद्रकोर रंगवली. (चांगली काढली, उगाच खोटं कशाला बोलू.) आता त्या भिंतीत पाणी निघायला पाइपा सोडल्या आहेत हे तुला माहीत आहे. पाऊस पडला की त्यांतून तांबडं पाणी येतं, ते नेमकं चंद्रावरून ओघळलं, आणि यांनी रागारागाने सगळ्या पाइपांची तोंडं सिमेंटने लिंपून टाकली.

आपल्या भावोजींची आयुष्यभराची नोकरी पाटबंधारे खात्यातली. वास्तुशांतीला पंगतीत बसल्या बसल्या ते म्हणाले होते की कमलाकरराव, या पाइपा कधी बुजू देऊ नका. हे चारचौघांत म्हणाले, आणि तेही पुरण वाढणं चालू असताना, याचा यांना जो राग आला तो अजून उतरलेला नाही. तेव्हापासून दोघांचं बोलणं बंद आहे. पाइपा बुजवताना यांच्या चेहऱ्यावर जे समाधान होतं ते निव्वळ चंद्रासाठी नव्हतं, एवढं मी खात्रीने सांगते.

त्यानंतर चार दिवस पाऊस लागून राहिला आणि भिंतीला पोट आलं. चंद्रकोर होती ती अष्टमीच्या चंद्राएवढी दिसू लागली. मी म्हटलं, मागची माती पाणी पिऊन भिंतीवर रेलते आहे. तर हे म्हणाले, माती जड असते, जड वस्तू खाली जाते, बाजूला कशाला जाईल? (पस्तीस वर्षं विम्यात काढलेला माणूस.) मी तांदळाचं पोतं दाखवलं. वरून भरतो आपण, पण फुगतं ते बाजूनेच ना? तर म्हणे पोतं म्हणजे भिंत नव्हे. त्यात वरच्या प्लॉटवाल्याने भरावाची माती आणून अगदी भिंतीच्या डोक्यावर रचली आहे, म्हणजे आणखी भार. त्यालाही हे काही बोलले नाहीत, कारण त्याला आमंत्रण आहे.

पण मनात कुठेतरी धाकधूक असणारच. एके दिवशी कळंबोलीहून टेम्पोतून दोन लोखंडी गर्डर आले. त्यांचं एक टोक यांनी भिंतीच्या पोटाला लावलं आणि दुसरं कुठे टेकवलं असेल? माझ्या स्वयंपाकघराच्या भिंतीला. म्हणजे आता अख्खी टेकडी माझ्या ओट्याला ढकलते आहे. मागचं दार लागत नाही, सिंकवरच्या दोन फरशा तडकल्या, आणि गर्डरांना झेंडूच्या माळा गुंडाळल्या की मांडवासारखं दिसेल, असं यांचं म्हणणं. अपूर्वला सांगितलं तर तो म्हणतो, बाबांना आवडतंय ना, करू दे.

मला हसू येत नाही, ताई. त्या झोपाळ्यावर ओटी भरायला ऋचा बसणार आहे, भिंतीकडे पाठ करून. मला झोप लागत नाही.

तुझी,
वसुंधरा

ता. क. – मुद्द्याचं राहिलंच. भावोजींना दोन दिवस आधी पाठव. बोलावलं आहे असं म्हणू नये, पनवेलला सहज काम होतं म्हणावं. मी यांना खणनारळाच्या खरेदीला बाजारात घेऊन जाईन, तेवढ्यात त्यांनी पाइपा मोकळ्या कराव्यात आणि भिंत बघून खरं काय ते मला एकटीला सांगावं. पाकीट कुरिअरला द्यायला यांच्याच हाती देते आहे, दुसरं कोणी घरात नाही.

ता. क. २ – (अक्षर माझं आहे, कमलाकरचं.) सुमतीताई, सा. न. पाकीट नीट चिकटलं नव्हतं. वरच्या मजकुरात बरीच अतिशयोक्ती आहे. तरी भावोजींनी दोन दिवस आधी नको, पत्र मिळताच निघावं. आज सकाळी एक गर्डर वाकलेला दिसला. झोपाळा मी पुढच्या खोलीत हलवला आहे, हिला सांगितलंय की अंगणात डास फार झालेत. पाइपा मात्र भावोजींनीच येऊन फोडाव्यात. मी फोडल्या तर ही जन्मभर ऐकवेल.